आकाशदर्शनात काय बसते, काय नाही

पावसाळा सरला की अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. कुठे शाळेतले विज्ञानशिक्षक पुढाकार घेतात, कुठे गावातले तरुण मंडळ, तर कुठे पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करणारे एखादे कुटुंब. एक दुर्बीण, चाळीस-पन्नास माणसे आणि समोर अंधारा समुद्र. रात्री आठला गुरूच्या चंद्रांपासून सुरू झालेली चर्चा नऊला साडेसातीवर जाते, दहाला उडत्या तबकड्यांवर, आणि अकराला देशाने अवकाश मोहिमांवर किती खर्च करावा यावर वाद रंगतो. दुर्बीण तशीच उभी राहते. मागच्या रांगेतल्या ज्या मुलीला ‘हा तारा लाल का दिसतो’ एवढेच विचारायचे होते, ती न विचारता घरी जाते.

हे टाळायचे तर कार्यक्रम चालवणाऱ्यांना एक गोष्ट आधी ठरवावी लागते: आपला विषय कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. हा लेख त्यासाठी आहे. नव्याने खगोल मंडळ काढणाऱ्यांना, शाळेत आकाशदर्शन ठेवणाऱ्या शिक्षकांना आणि किनाऱ्यावर पाहुण्यांना तारे दाखवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

‘वर दिसते ते आपले’ ही कसोटी का चालत नाही

बहुतेक मंडळे नकळत एक सोपी कसोटी लावतात: जे आकाशात आहे ते विषयात, जे जमिनीवर आहे ते विषयाबाहेर. रायगडच्या किनाऱ्यावर ही कसोटी पहिल्याच पायरीला कोसळते. तिला खोटे पाडणारी वास्तू खुद्द अलिबागेत उभी आहे.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते, म्हणजे नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारत लोखंडाशिवाय बांधायची होती, म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला आणि धातूकाम पितळेचे-तांब्याचे केले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत. १९०६ मध्ये कुलाब्याच्या नोंदी थांबल्या, अलिबागच्या आजही चालू आहेत. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. तिचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

आता प्रश्न असा की, या वेधशाळेत तारे पाहत नाहीत, तिथले काम चालते ते बंद खोलीतल्या सुईवर. मग ती आकाशप्रेमी मंडळाच्या विषयात बसते का? बसते, आणि अगदी मधोमध बसते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांजवळ अचानक उजळलेला प्रकाश पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी दर तासाची नेहमीची शिस्त सोडून काही मिनिटांच्या अंतराने सुई वाचली आणि आकडे वहीत उतरवले. क्षितिजाला समांतर दिशेतली चुंबकीय तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली होती. ती वही जपून ठेवली गेली, म्हणून २००३ मध्ये शास्त्रज्ञांना त्या वादळाचे मोजमाप करता आले. आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांत त्याची गणना होते.

मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले, लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल ध्रुवीय प्रकाश टिपला आणि कोकणातही माणसे ‘आपल्याकडे दिसेल का’ म्हणून विचारू लागली. आपल्याकडे आकाशात काही दिसले नाही. अलिबागच्या उपकरणांना मात्र ते वादळ चुकणार नव्हते. ‘आदित्य-एल १’ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडून येणारा कणांचा झोत मोजते, आणि त्या झोताने पृथ्वीवर काय केले ते अलिबागची सुई सांगते. दोन्ही मिळून एकच गोष्ट पुरी होते.

तेव्हा वस्तू कुठे आहे यावरून विषय ठरत नाही. प्रश्न कोणता आहे आणि त्याचे उत्तर कसे तपासायचे, यावरून तो ठरतो.

तीन प्रश्नांची चाळणी

कोणताही विषय पुढे आला की हे तीन प्रश्न क्रमाने विचारा.

१. याचे उत्तर आकाशाकडे पाहून, उपकरणाने मोजून किंवा गणित करून तपासता येते का?

२. उत्तर चुकले तर ते चुकले असे दाखवून देता येते का? ‘उद्या संध्याकाळी शुक्र चंद्राच्या डावीकडे दिसेल’ हे विधान चुकू शकते, उद्या सगळ्यांना कळेल. जे विधान काहीही घडले तरी खरेच ठरते, ते आपल्या कामाचे नाही.

३. हे आज, इथे, या लोकांसमोर दाखवता किंवा समजावता येते का?

पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आले तर विषय आपला. तिसरा प्रश्न फक्त वेळ ठरवतो. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘कृष्णविवराच्या आत काय असते’ हा प्रश्न विषयात आहे, पण दुर्बिणीपुढे पन्नास माणसांची रांग असताना त्यावर अर्धा तास घालवणे योग्य नाही. त्याला ‘विषयाबाहेर’ म्हटले तर विचारणारा दुखावतो. ‘पुढच्या शनिवारी याच्यावरच बसू’ म्हटले तर तोच माणूस पुढच्या शनिवारी येतो.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक उत्तर द्या: ‘आत्ता’, ‘पुढच्या वेळी’, ‘याचा जाणकार दुसरा, त्याच्याकडे जा’, ‘इथे नाही’. चौथे उत्तर फार क्वचित लागते. पहिली तीन नीट वापरली तर बहुतेक भांडणे उभीच राहत नाहीत.

आता किनाऱ्यावर हमखास येणाऱ्या विषयांना ही चाळणी लावून पाहू.

भरती-ओहोटी: पूर्णपणे विषयात

भरती हा समुद्राचा विषय, आकाशाचा नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला कोळीवाड्यात घेऊन जा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर, दर १२ अंशांना एक. म्हणजे नाखवा जेव्हा तिथीवरून भरती सांगतो तेव्हा तो चंद्राच्या स्थितीवरूनच समुद्राची वेळ काढत असतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात म्हणून उधाण. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात म्हणून भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. हे मुलांना दाखवायला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याइतके चांगले ठिकाण नाही. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला तो पाण्यात उभा असतो. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे उतरत नाही, तेव्हा स्थानिकांना विचारल्याशिवाय निघू नका.

यातली सर्वांत व्यावहारिक गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी आहे. अंधार हवा म्हणून आपण अमावास्येच्या आसपासचा दिवस धरतो. त्याच दिवशी रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान भरती असते, आणि तीही उधाणाची. संध्याकाळी सहाला ओहोटी असल्याने पुळण लांबरुंद दिसते, सतरंज्या पार खाली अंथरल्या जातात, आणि दहानंतर पाणी तिवईच्या पायांशी येऊ लागते. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी वरची ओळ दिसते ती आधीच्या उधाणाची खूण असते. दुर्बीण नेहमी तिच्या वर लावा. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहा, पाऊणपटीचा हिशेब अंदाजापुरता ठेवा. दोन्ही वेळा शेजारी लिहून किती फरक पडला ते पाहणे हाच मुलांसाठी एक प्रयोग आहे.

पंचांग: एकाच पानावर आत आणि बाहेर

पंचांगाचे नाव निघाले की खगोलप्रेमींच्या मंडळात दोन तट पडतात. एकाला ते सगळेच हवे असते, दुसऱ्याला सगळेच नको असते. दोघेही चुकतात, आणि याचा उत्तम दाखला याच किनाऱ्याने दिला आहे.

केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. तरुणपणी ते कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत, पुढे गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले; लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. छत्र्यांना दिसले की प्रचलित पंचांगांचे गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले आहे. पंचांगात ग्रहणाची वेळ एक आणि आकाशात दुसरी, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नव्या गणितावर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू झाले. पंचांग टाकून द्या असे त्यांनी म्हटले नाही, आणि पंचांगात आहे म्हणून खरे असेही म्हटले नाही. त्यांनी पंचांगाला आकाशासमोर उभे केले.

आपणही तेच करायचे. तिथी, नक्षत्र, ग्रहणाच्या वेळा, सूर्योदय, ग्रहांचे उदय-अस्त: हे सगळे विषयात, कारण आज रात्री बाहेर जाऊन तपासता येते. मकरसंक्रांत १४ जानेवारीला आणि प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला का, हाही उत्तम प्रश्न आहे. पृथ्वीच्या अक्षाची संथ परांचन गती त्यातून समजावता येते. अमुक वाराला प्रवास करू नये, तमुक घटिका अशुभ, हे मात्र आपल्या चाळणीतून पडत नाही.

मृग नक्षत्राचे उदाहरण घ्या. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, हे गणित आहे. त्या दिवसांत मृगाचा तारकासमूह रात्री दिसत नाही, कारण तो सूर्याच्या मागे असतो. हे सांगितले की ऐकणारे चकित होतात आणि कायमचे लक्षात ठेवतात. त्याच ओळीत पुढे नक्षत्राचे वाहन दिलेले असते: बेडूक, हत्ती, गाढव, मोर. त्यावरून पाऊस किती पडेल हे सांगणे आकाशाच्या निरीक्षणातून आलेले नाही. पावसाचा अंदाज हवा असेल त्याला हवामान खात्याकडे पाठवा. वाहनाची थट्टा करू नका. शेतकऱ्याचे वर्ष त्या पावसावर अवलंबून असते, आणि थट्टा केलेला माणूस पुढचे काही ऐकत नाही.

धार्मिक दिवस ठरवण्याबाबतही हीच रेघ. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत रमजानच्या शेवटी अनेक डोळे पश्चिमेच्या क्षितिजावर लागतात. सूर्य मावळला तेव्हा चंद्रकोर किती उंचीवर असेल, किती वेळ टिकेल, डोळ्यांना दिसण्याजोगी असेल का, हे सांगणे आपले काम आणि मोठ्या उपयोगाचे काम आहे; शिवाय समुद्र पश्चिमेला असल्याने आपल्याइतके मोकळे क्षितिज फार थोड्यांना मिळते. ईद कधी, हा निर्णय त्या समाजाचा. एकादशी आज की उद्या, हाही निर्णय ती पाळणाऱ्यांचा. आपण चंद्र कुठे आहे तेवढे अचूक सांगावे.

कुंडली: सर्वांत नाजूक प्रश्न

‘माझ्या मुलीला मंगळ आहे, तो दुर्बिणीतून दाखवता का?’ असा प्रश्न कुठल्याही कार्यक्रमात येऊ शकतो. विचारणारी बहुधा आई असते, आणि तिच्या प्रश्नामागे मोडलेली एखादी सोयरीक असते. तिला ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून गप्प करणे सोपे आहे, पण त्याने काहीच साधत नाही. प्रश्नाचे दोन भाग करा.

पहिला भाग: मंगळ कुठे आहे? हा आपला विषय. दिसत असेल तर तिला रांगेत पुढे घ्या आणि दाखवा. दिसत नसेल तर कधी दिसेल ते सांगा. साधारण २६ महिन्यांनी मंगळ आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो आणि ठळक दिसतो, तसा तो फेब्रुवारी २०२७ मध्ये दिसेल. तो खडकांचा, गंजासारख्या लालसर धुळीचा, पृथ्वीपेक्षा लहान असा एक ग्रह आहे हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्या.

दुसरा भाग: त्याने लग्नावर काय होते? इथे शांतपणे सांगा की आम्ही ग्रहांची जागा मोजतो. त्यांचा माणसाच्या नशिबावर परिणाम होतो असे मोजमापात आढळलेले नाही. आणि हे नुसते मत म्हणून मांडू नका, पुराव्याने सांगा. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि यातली कोणती कोणत्या गटातली ते ओळखा, असे सांगितले. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात.

एवढे सांगून थांबा. त्यावर वाद घालायचा असेल त्याला वेगळ्या दिवशी बोलवा. रात्रीचा वेळ दुर्बिणीचा आहे. साडेसातीचेही असेच: शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे राहतो आणि तीन राशींची साडेसात वर्षे होतात. इथपर्यंत गणित आहे, ते जरूर शिकवा. नंतर शनीची कडी दाखवा. त्याला पाहिलेल्या माणसाची भीती कमी होते, हे कोणत्याही भाषणापेक्षा खरे काम आहे.

हलणारे दिवे आणि पडणारे तुकडे

आकाशात काही अनोळखी दिसले ही तक्रार नेहमी विषयात धरा, तर्क मात्र नंतर. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणारी रेघ दिसली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे आणि गोळे सापडले; तो चिनी रॉकेटचा भाग असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. हे उलगडले ते लोकांनी टिपलेल्या वेळा, दिशा आणि चित्रफिती यांच्यामुळे.

म्हणून मंडळाचा नियम असा असावा: अनोळखी दिवा सांगणाऱ्याने चार गोष्टी द्याव्यात. वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची आणि किती सेकंद दिसला. उंचीसाठी हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. आपल्या किनाऱ्यावरून ध्रुवतारा जवळजवळ दोन मुठी वर दिसतो. ही चार उत्तरे मिळाली की बहुतेक कोडी सुटतात. न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडणारा तेजस्वी ठिपका अवकाश स्थानक असू शकतो. सूर्यास्तानंतर एका ओळीत जाणारे दिवे नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानेही लक्षात घ्यावी लागतात. क्षितिजालगत एका जागी राहून ठरावीक अंतराने चमकणारा दिवा खांदेरीच्या १८६७ सालच्या दीपगृहासारखा एखादा असू शकतो. आणि फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींपेक्षा किंचित खाली लखलखणारा दिवा होडीचा नसतो, तो अगस्ती असतो. उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्ती जवळजवळ सारख्याच उंचीवर दिसतात, ही आपल्या अक्षांशाची देणगी आहे. ती प्रत्येक कार्यक्रमात दाखवावी.

‘परग्रहावरचे लोक आले होते’ हे चार गोष्टींशिवाय विषयात घेऊ नका. परग्रहावर जीवसृष्टी असेल का, हा प्रश्न मात्र विषयात आहे. त्यासाठी शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले आहेत.

काळा दगड घेऊन ‘ही उल्का आहे का’ विचारणारेही येतात. त्यांना परत पाठवू नका. चुंबक चिकटला म्हणून उल्का ठरत नाही, आपला काळा कातळ आणि किनाऱ्यावरची काळी वाळूही चुंबकाला चिकटते. पडताना कोणी पाहिले का, वर वितळल्यासारखा पातळ थर आहे का, हे विचारा. खरीच शंका वाटली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे कळवा.

जे शेजारी पाठवायचे

काही गोष्टी रात्री, समुद्रावर, आपल्याच कार्यक्रमात दिसतात, म्हणून आपल्या वाटतात. थंडीत कधी कधी लाटा निळ्या चमकतात. दृश्य सुंदर असते, लोक दुर्बीण सोडून तिकडे धावतात. तो प्रकाश समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा आहे. दहा मिनिटे सगळे मिळून पाहा, जाणकार असेल त्याला बोलू द्या, मग परत या.

मासेमारीच्या प्रखर दिव्यांचा प्रश्न असाच सीमेवरचा. खोल समुद्रात एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर बंदी असूनही तो प्रकार चालतो, आणि पारंपरिक मच्छीमारांचा त्यावर रास्त रोष आहे. त्या दिव्यांनी क्षितिज किती उजळते, पूर्वी दिसणारे कोणते तारे आता दिसत नाहीत, याची नोंद ठेवणे आपले काम. कोणाच्या जाळ्यात किती मासे हा वाद मत्स्यव्यवसाय खात्यापुढचा. आपली नोंद त्यांच्या उपयोगी पडली तर जरूर द्यावी, पण कार्यक्रमाची सभा होऊ देऊ नये.

अवकाश मोहिमांचेही तेच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. ते कसे उतरले, तिथे काय मोजले, उतरण्याची जागा चंद्रावर साधारण कुठे आहे, हे दाखवा. श्रेय कोणत्या सरकारचे, हा प्रश्न दुर्बीण सोडवू शकत नाही.

ठरवायचे कोणी आणि कसे

एवढे सगळे एकट्याच्या मनावर सोडू नका. एकाच माणसाने ठरवले की त्याची आवड हाच विषय होतो. छायाचित्रणवाल्याच्या हाती सूत्रे असली की रात्रभर कॅमेऱ्यांची चर्चा, पुराणवाल्याच्या हाती असली की कथाच कथा. तिघांनी मिळून एक पान लिहा. त्यात ‘काय येते’ आधी लिहा, ‘काय येत नाही’ नंतर, आणि प्रत्येक नकारापुढे ‘त्यासाठी कुठे जावे’ लिहा. भाषा अशी ठेवा की दहावीच्या मुलालाही एका वाचनात कळेल.

शंका आली तर आत घेण्याकडे झुका, पण थोड्या वेळासाठी. पाच मिनिटे द्या. तेवढ्या वेळात कोणीतरी ‘मग हे तपासायचे कसे’ असे विचारले तर विषय जिवंत आहे. फक्त आवाज वाढले तर तो संपवा. नकार देताना माणसाला नाव ठेवू नका, प्रश्नाची वाट सांगा. पाहुणा, वयस्क माणूस, लहान मूल यांना चारचौघांत कधीही खोडू नका. बाजूला घेऊन बोला.

नियम सर्वांना सारखे असावेत. मंडळाला देणगी देणारे काका ज्योतिषावर बोलू लागले तरी तेच पान, आणि विज्ञानाचा पदवीधर राजकारणावर घसरला तरी तेच पान. हे एकदा जमले की लोकांचा विश्वास बसतो.

दरवर्षी पावसाळ्यात, आकाश बंद असताना, ते पान पुन्हा वाचा. वर्षभरात कोणते प्रश्न वारंवार आले ते पाहा. भरतीचे प्रश्न फार आले तर त्यांची वेगळी सकाळ ठेवा. सौर वादळांचे कुतूहल वाढले असेल तर भूचुंबकत्व संस्थेला पत्र लिहून मुलांना तिथले काम समजून घेता येईल का ते विचारा. विषयाची सीमा अशी नोंदींवरून हलवावी, कोणाच्या आग्रहावरून नव्हे.

महाराष्ट्राला या कामाची चांगली परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ गेली चार दशके सामान्य माणसांना आकाश दाखवत आले आहे. कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या मंडळांनीही त्या रांगेत यावे. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. आपण काय पाहायला जमलो आहोत हे स्पष्ट असले पाहिजे, आणि ते स्पष्ट ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. मोसमातल्या पहिल्या कार्यक्रमाआधी ते एक पान लिहून काढा, सुरुवातीलाच दोन मिनिटांत मोठ्याने वाचून दाखवा, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून मागा.